चौथ्या तुकड्यातली गच्ची

माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. दादाइतका जळकुटा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहिनीने पोस्टमनला पाणी दिलं तरी याच्या घशाला कोरड पडायची.

दादा नगरपालिकेचा फोटोग्राफर. उद्घाटनं, फुटलेले नळ, निवृत्त होणारे कारकून, सगळं तोच टिपायचा. पण त्याचा खरा जीव होता तो वर्षातून एकदा काढायच्या शहराच्या लांबलचक फोटोत. स्वच्छ हवेचा दिवस बघून तो नगरपालिकेच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर स्टँड लावायचा. दीपगृहापासून सुरुवात करून कॅमेरा थोडा थोडा फिरवत बंदर, गोदामं, घरांच्या गच्च्या असं करत पार खाडीच्या पुलापर्यंत यायचा. सात तुकडे व्हायचे. ते मोठे छापून, ब्लेडने कापून एकमेकांना चिकटवायचे. जोड दिसला तर त्याला जेवण जात नसे, म्हणून तो एखाद्या खांबाच्या नाहीतर भिंतीच्या कडेनेच कापायचा.

त्या वर्षी चौथा तुकडा झाला आणि सूर्यावर ढग आला. दादा ढग सरेपर्यंत थांबला, मग पाचवा काढला. आमची गच्ची या दोन तुकड्यांच्या सीमेवर, दोन्हींत थोडी थोडी यायची. दादाने कपड्यांच्या दोरीच्या खांबालगत कापलं, चिकटवलं, आणि फोटो सभागृहात लागला. भिंतभर मोठा.

पहिल्याच दिवशी हेडक्लार्क म्हणाला, "वहिनी छान आल्यात हो. आणि शेजारी ते क्लॅरिनेटवाले ना?"

झालं! खांबाच्या डावीकडे करंगळीएवढी वहिनी, हात वर केलेली, हसणारी. उजवीकडे आमच्या वरच्या खोलीचा भाडेकरू, हॉटेलात क्लॅरिनेट वाजवणारा, तिच्याकडे तोंड करून वाजवतोय. केसही असे दाट की दादाने टोपी घालायला सुरुवात केली ती यालाच बघून.

दादा घरी आला तो निगेटिव्ह काढून बसला. चौथ्यात वहिनी एकटी. पाचव्यात तो एकटा. मी म्हटलं, "बघितलंस? दोघं एका वेळी गच्चीत नव्हतीच. तूच ब्लेडने जवळ आणलीस त्यांना."

"तेच तर," दादा म्हणाला. "ही उतरली की तो चढतो. ठरवल्याशिवाय असं होतं का?"

आता या डोक्यापुढे काय कपाळ फोडणार?

मग घरात धुसफूस सुरू झाली. वर क्लॅरिनेट वाजलं की हा खाली भांडी आदळायचा. वहिनीने कपडे वाळत घालायला किती वेळ लावला, ते घड्याळात बघायचा. सभागृहातला फोटो उतरवा म्हणून साहेबांच्या मागे लागला. साहेब म्हणाले, इतका सुंदर जोड तुम्ही आजवर केला नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी, मी समोर बसलेली असताना, त्याने विचारलंच. "हात कोणाला केला होतास?"

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली.

"निघताना तुम्हीच सांगता ना दरवर्षी, दहाच्या ठोक्याला कॅमेरा आपल्या गच्चीकडे वळतो म्हणून? मी दरवर्षी वर येते. तुम्हाला हात करते. मला वाटायचं, तिकडून तुम्हीही बघत असाल."

इतकी वर्षं हा प्रत्येक फोटोत जोड तपासत होता आणि बायको दिसली नव्हती. दिसली ती दुसरा कोणी तिच्या शेजारी आला तेव्हा! मला त्याची कीव आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

पुढच्या वर्षी निघताना तो दारात दोनदा म्हणाला, "दहाला हं." नवा इस्त्रीचा शर्ट होता. मनोऱ्यावर त्याने चौथ्या तुकड्यासाठी कॅमेरा वळवला आणि थांबला. आकाश निरभ्र होतं, ढगाचं निमित्तही नव्हतं. गच्चीत दोरीवर त्याचेच शर्ट वाळत होते. बऱ्याच वेळाने क्लॅरिनेटवाला वर आला, त्याने मनोऱ्याकडे पाहिलं आणि आनंदाने जोरजोरात हात हलवला. तरी दादा थांबला. ऊन इतकं पुढे सरकलं की त्या वर्षीच्या फोटोत बंदरावर सकाळ आहे आणि पुलावर भर दुपार. जोड आंधळ्यालाही दिसेल. साहेबांनी तो लावला नाही.

वहिनी तेव्हा खाली माझ्याबरोबर मटार सोलत होती. दहाचे ठोके पडले तसं तिने एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि पुढची शेंग उचलली.