काकांचा माळा आणि माझा सेमिनार

राज्यशास्त्राच्या सेमिनारला मला विषय मिळाला होता: मोठ्या देशाने संरक्षणाची हमी दिली, की लहान देश अणुबॉम्ब का बनवत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आधीच्या सेमिनारला नुसतीच फळ्यापाशी उभी राहिले होते. या वेळी बोलायचंच होतं, पण काय, ते सुचत नव्हतं.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमची भातखाचरं जंगलाला लागून आहेत. लोंब्या भरल्या की रानडुकरं उतरतात. शेजारच्या शेतात मोठ्या काकांचा राखणीचा माळा, म्हणजे बांबूचं उंच मचाण. त्यावर बसून डबा वाजवत ते आमचंही भात राखतात. बदल्यात लावणीला आम्ही सगळे आधी त्यांच्या शेतात. त्यामुळे बाबांनी स्वतःचा माळा कधी बांधला नाही.

या वर्षी काकांनी माळा पार पलीकडच्या टोकाला नेला. बाबांनी स्वतःच्या माळ्यासाठी गुपचूप बांबू तोडून आणले.

संध्याकाळी काका ओटीवर आले.

"बांबू कशाला रे?"

"असंच."

"माज्यावर भरवसा नाय?"

"माजा हाय, दादा. पन तू एवढ्या लांब बसलेला, डुकरांना कसं कळणार?"

काका हसायला लागले. मला राहवलं नाही. म्हटलं, "दक्षिण कोरियानं पन असंच केलं होतं. अमेरिका तिथले सैनिक कमी करायला लागली, तवा त्यांनी गुपचूप बॉम्बची तयारी चालू केली."

"मंग अमेरिका गप बसली?"

"नाय. दम दिला, बनवू नका म्हणून. पन बरेचसे सैनिक तिथंच ठेवले."

काकांनी चहा संपवला. "चल, माळा दोघांच्या बांधावर आणू. तुजे बांबू त्यालाच लागतील."

बाबांनी मान डोलावली. दोन बांबू मात्र मागच्या पडवीत ठेवलेच.

सेमिनारला मी हेच सगळं सांगितलं. गोष्टीत डुकरं आली तसा आवाज मोकळा झाला. शहापूरकडून येणाऱ्या एकाने विचारलं, "आणि काकांनाच ताप आला तर?"

"म्हाईत नाय," तोंडून घरचीच बोली निघाली. वर्ग हसला, मीही हसले.

"म्हणून तर दोन बांबू ठेवलेत," मागून कोणीतरी म्हणालं. त्यावर दोघेतिघे वाद घालायला उठले. सर खिडकीला टेकून ऐकत राहिले आणि मी एकेकाला उत्तर देत होते.