लाल बटण दुरुस्त झाले तेव्हा

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम अठरा हजार रुपये. हजर माणसे चार: जळगावातल्या आमच्या समाजाच्या मंगल कार्यालयाचे अध्यक्ष आबा, सचिव, खजिनदार म्हणून मी आणि धुळ्याहून आलेला माझा मेहुणा. कार्यालयाच्या बुकिंगची वेबसाइट त्यानेच आठ वर्षांपूर्वी बनवली होती.

मेहुण्याचे म्हणणे असे, की वेबसाइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे त्याची आवृत्ती फार जुनी झाली आणि सर्व्हरवाली कंपनी ती महिनाअखेर बंद करणार. नव्या आवृत्तीवर न्यायचे अठरा हजार.

"दिसायला काय बदलेल?" मी विचारले.

"काहीच नाही, दाजी."

"काहीच न बदलण्याचे अठरा हजार?" सचिव म्हणाले.

"काका, घराचा पाया बदलतोय. रंग नाही देत."

आबा सोनगीरकडचे. शहरात राहूनही गावची अहिराणीच बोलतात. "भाऊ, पाया बदलताना घर पडाले नको," एवढे बोलून त्यांनी मंजुरी दिली.

मी अट घातली, की बुकिंगे आधी जितकी तितकीच नंतर दिसली पाहिजेत. त्यातले एक बुकिंग माझे होते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलीचा साखरपुडा होता. व्याही धुळ्याहून दीडशे माणसे घेऊन येणार होते.

पुढच्या शनिवारी दुपारी मेहुण्याने काम संपवले. मी मोजले. आधी सदतीस, नंतरही सदतीस. सचिवांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, 'नवीन वेबसाइट सुरू झाली आहे. सर्वांनी आपापली पावती काढून तपासून घ्यावी.'

आमची पावती काढायची पद्धत इथे सांगितली पाहिजे. बुकिंग केल्यावर पावती दिसायचीच नाही. खाली 'बुकिंग रद्द करा' असे लाल बटण होते. ते दाबले की पान पुन्हा उघडायचे आणि पावती यायची. रद्द काहीच व्हायचे नाही. हा शोध कोणाचा ते माहीत नाही, पण सगळा समाज आठ वर्षे तेच करत होता. सचिव नवख्यांना फोनवर धीर द्यायचे, "लाल बटण दाबा. घाबरू नका, काही होत नाही." मेहुण्याला मात्र हे कोणी कळवले नव्हते. काम होत असताना तक्रार कशाची करायची?

मी लाल बटण दाबले. 'तुमची खात्री आहे का?' असे नव्या वेबसाइटने विचारले. जुनी असे काही विचारत नसे. सुधारणा चांगली आहे असे वाटून मी 'हो' दाबले.

पावती आली नाही. अकरा हजार रुपये परत केल्याचा मेसेज आला. न मागता कोणी पैसे देत असेल तर ती फसवणूकच, म्हणून मी सगळ्यांना सावध करणारा इशारा ग्रुपवर टाकला. त्याखाली एकेक जण लिहू लागला. 'मलाही आला.' 'मला पण.' एरंडोलच्या एकाने लिहिले, 'मला नाही आला. काय करू?' सचिवांनी त्याला उत्तर दिले, 'लाल बटण पुन्हा दाबून बघा.'

अर्ध्या तासात आबांचा फोन आला. "भाऊ, कार्यालय बठ्ठं रिकामं दिसी राह्यनं. हाई काय शे?" वेबसाइटवर सगळ्या तारखा मोकळ्या झाल्या होत्या.

मी मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, लाल बटण कशाला दाबलं?"

"पावतीसाठी."

"त्याच्यावर 'रद्द करा' लिहिलंय!"

"ते आठ वर्षं लिहिलंय."

"ते बटण बिघडलेलं होतं. या वेळी जाता जाता दुरुस्त केलं. त्याचे पैसेही नाही लावले."

रविवारी सकाळी तो पुन्हा जळगावला, आमच्या घरी आला. ज्यांनी बटण दाबले होते ते सगळे पैसे परत भरायला तयार झाले आणि त्यांची बुकिंगे त्याने जागेवर आणली. अडले फक्त माझे. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यांनी माझी तारीख मोकळी पाहून पूर्ण पैसे भरले होते. त्यांना भरीत पार्टी द्यायची होती. ज्याचे पैसे आधी त्याची तारीख, हा कार्यालयाचा नियम. त्याच नियमाने मी माझ्या चुलतभावालाही परत पाठवले होते.

"दाजी, दोन मिनिटांचं काम आहे," मेहुणा म्हणाला. "त्यांचं नाव काढतो, तुमचं टाकतो."

"टाक रे," बायको आतून म्हणाली.

"टाकू नको," मी म्हणालो.

ती हात पुसत बाहेर आली. "लेकीच्या साखरपुड्यापेक्षा नियम मोठा का?"

"त्यांचे पैसे आधी आले."

"मग व्याह्यांना तुम्हीच सांगा. म्हणा, आमच्या मांडवात दुसऱ्यांचं भरीत शिजतंय."

व्याह्यांना फोन करण्याची माझी हिंमत झाली नाही. मी व्यापाऱ्यांना केला आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. ते इतके हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"भाऊ, तारीख घ्या तुम्ही. लेकीचं कार्य आहे. माझी पार्टी पुढच्या आठवड्यात शेतात करतो. पण दीड क्विंटल वांगी सांगून बसलोय, त्यांचं काय करू?"

"ती मी घेतो."

असा साखरपुड्याचा बेत बदलला. कार्यालयाच्या मागे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. वारा नेमका मांडवाकडे होता. मुलीच्या सासूबाई नवी पैठणी नेसून आल्या होत्या, त्या डोळे पुसत बसल्या. फोटोत त्या फार भावुक दिसतात. भरीत-पुरीच्या पंगतीत व्याह्यांनी मला हळूच विचारले, "बासुंदी ठरली होती ना?" मी त्यांना खरे कारण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, वाढप्याला हाक मारून तिसऱ्यांदा भरीत घेतले आणि म्हणाले, "तुम्ही हिशेबाला पक्के आहात, पण बटणं आमच्या मुलाला दाबू देत जा."

मेहुण्याला समाजाच्या खात्यातून ठरलेले अठरा हजार दिले. कार्यालयाचे अकरा हजार मी पुन्हा भरले आणि व्यापाऱ्यांनी भरलेले त्यांना परत केले. दीड क्विंटल वांग्यांचे, तीस रुपये किलोने, चार हजार पाचशे रुपये माझ्या खिशातून रावेरच्या व्यापाऱ्यांना रोख दिले.