किसनमामांचं पांढरं पाणी

कावीळ उतरवणाऱ्याच्या ताटातलं पाणी पिवळं झालंच पाहिजे, अशी आमच्या उधन्यात सगळ्यांची समजूत. किसनमामांचं पाणी मात्र कधीच पिवळं व्हायचं नाही. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुवायचे, मंत्र म्हणायचा, आणि पाणी पांढरं ते पांढरंच. मामा परभणीकडचे, आमच्याच गावचे, आमच्यासारखेच पोटासाठी इथं कापडाच्या लूमवर आलेले. लूमवरून सुटून तसेच यायचे, अंगात भोकं पडलेलं बनियन, केसांत सुताची कुसं. ना माळ, ना भस्म. पण ज्याची कावीळ उतरवायची, त्याच्यासाठी स्वतः उपास धरायचे आणि उपाशीपोटी बारा तास लूमवर उभे राहायचे. कुणी हिरमुसलं तर म्हणायचे, "ताटात काय बघायलास? मी देवाला सांगितलंय. आता तू जाऊन रक्त तपास."

माझ्या नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा मी ह्यांना मामांकडेच नेलं. तीन दिवस ताट पांढरं. माझा धीर सुटला. चौथ्या दिवशी मी भांडलेच. "मामा, तुमच्या हातात आता काही राहिलं नाही. उगं आमचे दिवस घालवू नका!"

"मला शिव्या दे, पण दत्ताला आधी दवाखान्यात ने," मामा म्हणाले.

मी कुठली ऐकतेय! ह्यांना घेऊन पर्वत पाटिया भागातल्या एका महाराजांकडे गेले. भगवी कफनी, मोरपिसं, चांदीचं ताट. ह्यांचे हात धुतले आणि पाणी हळदीसारखं पिवळंजर्द झालं. मी हुंदके देऊन रडले, आनंदानं. रोज जायचो. रोज पाणी थोडं फिकं व्हायचं. सातव्या दिवशी ते पांढरं झालं. "गई," महाराज म्हणाले. मी वाटेत पेढे घेतले. आई गं, काय डोळे फुटले होते माझे! रोज ताट बघत होते, ह्यांचे डोळे एकदाही बघितले नाहीत.

दोन दिवसांनी भरदुपारी हे बरळायला लागले. मला ओळखेनात. मी लूमच्या शेडकडे पळत सुटले. मामा चालू लूम टाकून तसेच आले, ह्यांना पाठीवर घेऊन जिना उतरले आणि रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लिव्हर पार गेलंय, फार उशीर केलात.

मी तिथंच मामांचे पाय धरले. "मामा, एकदा ताट मांडा. पाणी पिवळं करा. काहीही करा हो!"

मामा खाली बसले. मग म्हणाले, "मला येतंय गं पिवळं करायला. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला चोळायचा. चुना लागला की झालं पिवळं. खोटं नको म्हणून आयुष्यात कधी केलं नाही. पहिल्याच दिवशी केलं असतं, तर तू माझं ऐकलं असतंस. दत्ता तेव्हाच इथं आला असता. मीच घालवला त्याला." मोठा माणूस, पण तोंडात बनियन कोंबून रडत होता.

हे दुसऱ्या दिवशी गेले. मामांनी पुन्हा कुणाची कावीळ उतरवली नाही. महिन्याभरात बोचकं बांधून गावी निघाले. जाताना दारात उभे राहून हात जोडले. "सुनंदा, मला माफ कर."

तुम्ही नाही मामा, मी. एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलंही होतं. पण माझ्या वाट्याचा दोष दुसरं कुणीतरी उचलतंय, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. मी नुसती मान हलवली. मामा तो दोष घेऊन गेले आणि वर्षाच्या आत गावीच वारले.