गच्चीवरचं घड्याळ आणि घमेलं

आमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्याची वेळ तपासायचं काम आलं तेव्हा कंपनीनं ते माझ्या मुलीलाच दिलं, कारण ती याच कामावर आहे आणि याच घरात राहते.

मी चौथीपर्यंत शिकले. टॉवरला घड्याळ असतं हे मला ठाऊक नव्हतं. मुलीनं सांगितलं, जबलपुरातल्या आमच्या महाराजपूर भागातल्या सगळ्या टॉवरांची घड्याळं एका ठोक्यावर चालावी लागतात. जरा मागेपुढे झालं की स्कूटरवर एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्याचा फोन मधेच तुटतो.

"मग स्कूटरवर बोलतात काहून?" मी म्हटलं.

"आई, तू ना, पोळ्या कर."

तिनं गच्चीच्या कठड्यावर एक पांढरी टोपी बसवली, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते त्या कुत्र्याच्या छत्रीसारखी. ती उपग्रहांकडून खरी वेळ घेते. तिची वायर जिन्याजवळच्या खोलीत एका पेटीला जोडली, टॉवरची वायरही त्याच पेटीला. पेटी दोन्ही वेळा ताडून बघते आणि फरक लॅपटॉपवर रेघेनं दाखवते. ती रेघ आठवडाभर सरळ राहायला हवी होती. अहवाल नीट गेला तर मुलगी जबलपुरात राहणार, नाही तर तिची रायपूरला बदली.

माझ्या नवऱ्याला विसर पडतो. हे जिना चढतात आणि उतरायचं विसरतात. यांची आंघोळ, यांना शोधणं, समजावणं, सगळं मी आणि मुलगी मिळून कसंबसं निभावतो. ती गेली असती तर मला जमलं नसतं.

दिवसा रेघ सरळ असायची. संध्याकाळी वाकू लागायची आणि सकाळपर्यंत पार कलंडलेली असायची. मुलीनं वायर बदलली, जोड बदलले. दिवसा गच्चीवर जाऊन टोपी पाहिली, ती जागच्या जागी होती. साहेबाचा फोन आला, "मैडम, सेटिंग ठीक से किया है ना?" ती हो म्हणाली, आणि मग जेवलीच नाही.

पुढच्या संध्याकाळी मी यांना खाली आणायला वर गेले. हे त्या टोपीवर लोखंडी घमेलं उपडं घालत होते. वर वीटही ठेवली.

"अहो, हे काय करून राहिले?"

"शिफ्ट संपली. मशीन उघडी ठेवतात का? साहेब बोंबलेल."

यांचा सगळा जन्म डिफेन्सच्या फॅक्टरीत गेला. शिफ्ट संपली की मशीन झाकायची, सकाळी उघडायची. वाईट दिवशी हे मला ओळखत नाहीत, पण एवढं विसरले नाहीत. घमेल्याखाली टोपीला आभाळ दिसत नसे, आणि पेटी अंदाजानं चालत भरकटायची.

मुलगी धावत वर आली. "बाबा, उसको हाथ मत लगाओ!"

"ही बाई कोण?" यांनी मला विचारलं. "हिला मशीन शॉपमध्ये कोणी घेतलं?"

ती पायरीवर बसली. आधी हसली, मग डोळे पुसले.

सांगून उपयोग नव्हता. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं तर हे दार बडवतात. मी खालून बंद पडलेला मिक्सर आणला आणि टाकीजवळ ठेवला. "तुमची मशीन बदलली. आजपासून ही."

यांनी भांडं फिरवून पाहिलं. "बेअरिंग गेलंय," म्हणाले, आणि घमेलं त्यावर घातलं.

मुलीनं मोजणी पहिल्यापासून सुरू केली. रेघ आठवडाभर सरळ राहिली. अहवाल गेला. साहेब म्हणाला, "अच्छा, चलो, फ़िलहाल जबलपुर में ही रहिए।"

फ़िलहाल म्हणजे काय ते मला कळतं.

पेटी गेली, टोपी गेली. मिक्सर वरच आहे. संध्याकाळी हे शिफ्ट संपवायला जातात आणि कोणाला तरी मागे जावं लागतं. माझे गुडघे आता वर चढू देत नाहीत. आज यांच्यामागे मुलगी गच्चीवर गेली आहे.