वारासिवनीच्या पुढे रूळ नाही

"माही लाईन जाईन काय रे, राजू?" मेश्रामकाकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी नाटकी माणूस. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, दरवर्षी नाटकात उभा राहतो, आणि तीच खोड दुकानातही आहे. टेबलावरची काळी एक्सटर्नल हार्ड ड्राइव्ह दोन्ही हातांनी उचलली, प्रसादासारखी कपाळाला लावली आणि आवाज चढवून म्हटलं, "काका, तुमची आख्खी कटंगी लाईन या डब्यात हाय. लॅपटॉप जळून गेला तरी तुमची गाडी टायमावर सुटीन!"

काका हसले. मी लॅपटॉप फॉरमॅटला लावला. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करून विंडोज नव्याने टाकणं. बालाघाटात पंचवीस वर्षं कम्प्युटर दुरुस्त करतो आहे, पण इतका सफाईदार आणि इतका खोटा संवाद मी पुन्हा कधी म्हटला नाही.

काका रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. बालाघाट ते कटंगी जी छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, होती, तिच्या शेवटच्या डब्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आता तिथे मोठी लाईन आहे. छोटीचे रूळ उचलले गेले, आणि काकांनी ते परत टाकायला घेतले: एका गेममध्ये. त्यात रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाडी चालवायची. काका एका बोटाने माऊस दाबत. दोन वर्षांत त्यांनी बालाघाटपासून कटंगीपर्यंत सगळी लाईन उभी केली. कुठे कडुलिंब होता, कुठल्या हॉल्टवर हापसा होता, सगळं.

लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून गेम एक्सटर्नलवर टाकायची आयडिया माझीच. एक्सटर्नल म्हणजे तारेने जोडायची, खिशात मावणारी डिस्क. गेम तिच्यावरून चालतो, फक्त उघडायला वेळ घेतो. एकदा मी त्याबद्दल माफी मागितली, तर काका म्हणाले, "लेट हाय ना? रद्द तं नाही!" सुरुवातीचे सहा महिने गोंदियाला मुलाकडे गेले की डिस्क रुमालात बांधून न्यायची, तिथल्या लॅपटॉपला लावायची आणि खेळायचं. अशी ही फिरती रेल्वे.

ही सगळी खटपट एका माणसासाठी होती. भाऊराव, त्याच गाडीचे ड्रायव्हर. राहायला कटंगीत. दोघं अजूनही एकमेकांना 'बाबू' आणि 'डायवर' म्हणतात. भाऊरावांना काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलेलं, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. येत्या रविवारी काका त्यांना लाईन दाखवायला जाणार होते. म्हणून तर लॅपटॉप आधी चकाचक करून घ्यायचा होता.

संध्याकाळी काका लॅपटॉप न्यायला आले. मी डिस्क लावली आणि गेमवर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. काकांचा चेहरा उतरला. मला मात्र आनंद झाला, कारण हा रोग माझ्या ओळखीचा. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. आधी हिला ई होतं, आता एफ मिळालं, आणि गेम ई च्या दारावर टकटक करत बसला होता. मी अक्षर बदललं, मंत्र पुटपुटलो, चुटकी वाजवली. गेम उघडला.

"वा रे पठ्ठे!" काका म्हणाले.

मग त्यांचं बोट थांबलं. पडद्यावर 'नवा खेळ' एवढंच लिहिलेलं होतं. 'पुढे चालू' हे बटण राखाडी, दाबलं जात नव्हतं.

"राजू, माही गाडी कुठी हाय?"

मी डिस्कचा कोपरा न कोपरा पाहिला. मग आठवलं.

माझ्याच भाषेत सांगतो. गेम म्हणजे मंडप, पडदे, दिवे. नाटक कुठल्या प्रवेशापर्यंत आलं, हे लिहिलेलं असतं सेव्ह फाइलमध्ये. मंडप एक्सटर्नलवर उभा असला तरी बरेच गेम सेव्ह फाइल लॅपटॉपच्या पोटात, सी ड्राइव्हमध्ये ठेवतात. हाही तसलाच. आणि सी ड्राइव्ह मी दुपारी स्वतःच्या हाताने पुसला होता. फॉरमॅटच्या आधी फोल्डर उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं डायलॉगमध्ये घालवली.

"परत आनता येते ना?"

"पाहतो, काका."

दोन दिवस पाहिलं. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेलं बऱ्याचदा सापडतं. पण काकांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती, वेगवान जातीची. ती पुसलेली जागा आतून खरोखरच रिकामी करून टाकते. ती मीच गेल्या वर्षी आग्रहाने बसवून दिली होती. रिकव्हरी सॉफ्टवेअरने सेव्ह फाइलचं नाव तेवढं शोधलं. उघडली तर आत नुसती शून्यं. नेटवर कॉपी ठेवायची सोय गेममध्ये होती. मोबाइलचा डेटा खाते म्हणून दीड वर्षापूर्वी मीच ती बंद केली होती. या कथेत खलनायक शोधायला लांब जावं लागत नाही.

ती सोय बंद व्हायच्या आधी काका गोंदियाला खेळले होते, नंतर तिकडे गेलेच नव्हते; म्हणून शेवटी तिथे फोन लावला. काकांच्या सूनबाई लॅपटॉप घेऊन बसल्या.

"सी ड्राइव्हमध्ये डॉक्युमेंट्स दिसतंय?"

"हां भैया, दिख रहा है. इसमें तो चिंटूचे शाळेचे फोटो हैं."

"त्याच्या खाली रेलच्या नावाचं फोल्डर?"

"रुको... हौ! है भैया! एक फाइल है. पण डेढ साल पहले की."

काका खुर्चीतून उठले. मी टेबलावर चढायचाच बाकी होतो.

फाइल आली. बालाघाट स्टेशन उघडलं. इंजिनातून धूर निघाला. काका पडद्याला नाक लावून गाडीबरोबर निघाले. वारासिवनी आलं, कडुलिंब आला. त्याच्या थोडं पुढे रूळ संपले. समोर नुसतं हिरवं मैदान. दीड वर्षापूर्वी काका तिथपर्यंतच पोचले होते.

"कटंगी नाही," ते म्हणाले. एवढंच.

रविवारी ते तरीही निघाले. मी म्हटलं, मीही येतो, भाऊरावांना सगळं खरं सांगतो. माझ्या स्कूटरवर दोघं गेलो. लॅपटॉप माझ्या पाठीवर, डिस्क काकांच्या रुमालात.

भाऊराव पडद्याला गाल टेकवूनच बसले. शेजारी त्यांची बायको, सुमनकाकू. गाडी सुटली तसा म्हातारा तरणा झाला.

"अबे बाबू, झेंडी तं दाखव!"

"दाखवली ना. तुले दिसली नाही."

"मले आता तुही बायको समोर आली तरी दिसत नाही. झेंडी काय घेऊन बसला! ब्रेक मार, ब्रेक मार, उतार हाय!"

वारासिवनी आलं. भाऊरावांनी कडुलिंबाला हात जोडले. गाडी पुढे सरकली आणि हिरव्या मैदानाच्या तोंडाशी थांबली.

"काहून थांबली?"

काकू पुढे वाकल्या. "गार्डभाऊ, मले टाकलं म्हणे यात तुम्ही? फाटकापाशी? कुठी हाय मी?"

कटंगीच्या अलीकडे फाटकाला लागून त्यांचं घर होतं. गाडी तिथे आली की भाऊराव दोन छोट्या शिट्ट्या मारत, आणि काकू चुलीवर भात चढवत. काकांनी ते फाटक, ते घर आणि दारात एक बाई, सगळं मांडलं होतं. सगळ्यात शेवटी.

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"वहिनी, तुमचं घर पुढं हाय. सिग्नल नाही भेटला. पुढची लाईन लावून राह्यलो."

"कधी होईन?" भाऊरावांनी विचारलं.

"होते ना."

"दिवाळीच्या आंधी लाव बाप्पा."

परतताना मी विचारलं, "मले काहून बोलू देलं नाही?"

स्कूटरवर मागून आवाज आला, "तू सांगतलं असतं, तं तो तुले समजावत बसला असता. त्याच्यापाशी तेवढा टाइम नाही."

त्या दिवसापासून काका सकाळी बसत ते जेवणापुरते उठत. रोज थोडा रूळ. दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन सेव्ह फाइलच्या कॉपी करत असे: एक एक्सटर्नलवर, एक पेन ड्राइव्हवर, एक माझ्या दुकानात. काका मला चहा देत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीला आठवडा उरला होता. कटंगीच्या अलीकडचे दोन हॉल्ट, फाटक आणि घर राहिलं होतं. मी कॉपी करत होतो तेव्हा काकांचा फोन वाजला. स्पीकर चालू होता.

"बाबू," भाऊराव म्हणाले, "आता घाई नको करू. कालपासून खिडकी बी दिसत नाही."

काकांनी फोन ठेवला. रूळ टाकायचं चालू होतं, तो तुकडा पूर्ण केला. सेव्ह केलं. मग तार काढली, डिस्क रुमालात बांधली आणि माझ्या हातात दिली.

मी उगाच म्हटलं, "काका, लेट हाय, रद्द तं नाही."

"नाही राजू. हे रद्द हाय."

डिस्क माझ्या कपाटात आहे. आता कोणी गेम एक्सटर्नलवर आहे म्हणालं, तरी फॉरमॅटच्या आधी मी सी ड्राइव्ह स्वतः उघडून पाहतो, तोंड बंद ठेवून. काकांच्या लाईनच्या तीन कॉपी माझ्याकडे नीट जपलेल्या आहेत. तिन्ही फाटकाच्या अलीकडे संपतात.