गार इंजिनाचं दुखणं

तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी आमच्याकडं अजून दवाखान्याला शफाखाना म्हणणारी माणसं होती. माझी नोकरी कच्ची होती. सहा महिने काम बघून कायम करू, असं डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाशीकडं आमची शेती. घरात पगारावर लागलेला मी पहिलाच.

चौथ्या महिन्यात थंडी पडली आणि जीपला ते दुखणं जडलं. सकाळी इंजिन चालू व्हायचं, पण पाय काढला की थरथरायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. चोक ओढून धरला तर कसंबसं तगायचं. दोन-तीन मैल गेलं, इंजिन तापलं, की असं गोड चालायचं की मलाच वाटायचं, सकाळी आपल्याला भास झाला की काय.

मी कुणाला बोललो नाही. नव्या ड्रायव्हरनं गाडी बिघडवली म्हणतील, ही धास्ती. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन, दवाखान्याचं फाटक लावून, मी जीप तापवून ठेवायला लागलो.

एका सकाळी ते जमलं नाही. अणदूरकडच्या एका वस्तीवरून निरोप आला, बाई अडलीय, लगेच निघा. साहेब पुढं बसले, नर्सबाई पेटी घेऊन मागं. गावाबाहेरच्या चढावर समोरून म्हशी आल्या. मी थांबलो. दोन पाय आणि तीन पायडल, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ब्रेकवर पाय नेला, ॲक्सिलरेटर सुटला आणि इंजिन मेलं. पुन्हा चालू करायला हँडब्रेक ओढून ब्रेकवरचा पाय काढला, तर हँडब्रेक धरेना. जीप मागं सरकायला लागली.

मागं बैलगाडी होती. तिच्यात लेकराला घेऊन एक बाई बसलेली.

"अहो, गाडी! गाडी!" नर्सबाई ओरडल्या.

मी स्टीअरिंग फिरवून जीपचं मागचं अंग रस्त्याकडंच्या बांधावर घातलं. दगड खडखडले आणि आम्ही थांबलो. बैलांच्या शिंगांत आणि आमच्यात हातभर जागा उरली होती. गाडीवान शिव्या द्यायचंही विसरला होता.

साहेबांनी चष्मा नीट केला. "तुम्हाला गाडी येते ना हो?"

मी चोक ओढून जीप पुन्हा चालू केली. त्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो, बाई सुटली, बाळ रडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं खरं सांगितलं आणि जीप उस्मानाबादला नेली. तिथल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून ऐकलं. "कुठं काय झालंय? झकास चाललीय." चौदा मैल तापत आलेलं इंजिन, ते कशाला खोकेल! त्यानं प्लग पुसले, कार्बोरेटर धुतला. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. आठ दिवसांनी परत गेलो तर तो हसला. "गाडीला न्हाय, तुलाच काय तरी झालंय."

साहेबांनी ते ऐकलं, तेव्हा "बरं" एवढंच म्हणाले. त्या "बरं"नंतर मी दुसरा मिस्त्री शोधायला लागलो.

गावातच एक म्हातारे मिस्त्री होते. पूर्वी हैदराबादेत एका नवाबाच्या मोटारी सांभाळायचे. आता पाणी ओढायची इंजिनं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बुखार कधी येतो?"

"सकाळी, गार असताना."

"तर मग नाडी सकाळीच बघू, बेटा. मी येईपर्यंत चालू करू नकोस. हात पण लावू नकोस."

सकाळी ते आले ते हातात तेलाची बुधली आणि रबरी नळी घेऊन. मी इंजिन चालू केलं. थरथर सुरू झाली. चाचांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत नेणारा लोखंडी नळ इंजिनाला जिथं जोडतात, तिथं ते थांबले. बुधलीनं त्या जोडावर तेलाचे थेंब टाकले.

इंजिन एकदम शांत झालं. चार-पाच श्वास एका लयीत चाललं, मग तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा खोकायला लागलं.

"हवा खाते ही," चाचा म्हणाले. "जोडातलं गॅस्केट, मधली ती चकती, जळालंय. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते. म्हणून तुझं कुणाला खरं वाटेना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी बरी झाली म्हणून नव्हे. मला भास झाला नव्हता म्हणून.

त्यांनी नळ उतरवला, जोड घासून साफ केला. ॲस्बेस्टॉसचा पातळ पुठ्ठा त्यावर धरून, कडेनं हातोडीनं हलके ठोकत नवं गॅस्केट कापलं. दुपारी सगळं आवळून झालं. इंजिन छान चाललं, पण तापल्यावर ते रोजच छान चालायचं. खरं काय ते गार झाल्याशिवाय कळणार नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत जाऊन जाऊन बॉनेटवर हात ठेवून बघत होतो.

सकाळी काचेवर दव होतं. साहेब स्वतः येऊन उभे राहिले. मी चालू केली, पाय काढला आणि श्वास धरला. इंजिन चालत राहिलं. मी मनात शंभर मोजले, तरी चालतच होतं.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. मग तेच म्हणाले,

"तुम्हाला बदलून दुसरा ड्रायव्हर द्या, असं मी वर लिहिलं होतं."

ते पत्र गेलं होतं की टेबलावरच होतं, हे विचारायची हिंमत झाली नाही. पुढं दोन महिने टपालवाला फाटकात दिसला की मी आधी त्याच्या हातातला लिफाफा बघायचो. मग एक दिवस कायम झाल्याचा कागद आला. तो घेऊन मी आधी चाचांकडं गेलो, घरी मागनं.