वसंतनानांची वेणी

काडी ओढायच्या आधी वसंतनाना आपला उजवा हात मुद्दाम थरथरवायचे. काडी पेटली तरी थरथर चालूच. ती जळती काडी तशीच हिंदकळत मेणबत्तीच्या वातीपर्यंत न्यायची. वात पहिल्या काडीत पेटली तर समोरच्या वहीत बरोबरची खूण, दुसरीत पेटली तर अर्धी, आणि तिसरी काडी लागली तर मेणबत्ती नापास. सेनगावात त्यांच्या शेजारी राहायला आले त्याच आठवड्यात मी हे परसातल्या भिंतीवरून पाहिलं आणि म्हाताऱ्याला काहीतरी आजार आहे असं समजून हळहळले. तेवढ्यात त्याच हाताने त्यांनी सदऱ्याचं बटण लावण्यासाठी सुईत दोरा ओवला, तोही पहिल्याच झटक्यात.

"हात चांगला हाय, बाई," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "परीक्षा घेऊन राहिलो."

मी रोज जीपने पुसेगावच्या शाळेत शिकवायला जाते. दुसऱ्याची चूक दिसली की माझ्या हाताला लाल पेन लागतंच, हा माझा जुना दुर्गुण. त्यामुळे परीक्षा म्हटल्यावर मी भिंतीला कोपर टेकून उभीच राहिले. आमची ओळख झाली ती अशी.

नाना कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कानावर पेन, बंडीच्या खिशात दुसरं पेन. घरात उंदीर शिरला तरी आधी तारीख-वार लिहून ठेवायचे आणि मग काठी शोधायचे. "आधी नोंद, मग बोंब," हे त्यांचं ब्रीद. मेणबत्त्यांचीही त्यांनी जाडजूड नोंदवही केली होती आणि तिची भाषा अगदी सरकारी होती. पहिल्याच पानावर होतं: 'सदर मेणबत्ती लावली असता चार मिनिटांत विझली. कारण: वात मेणात बुडाली. पुढील कार्यवाही: उद्या.'

या खटाटोपामागे होत्या कमलकाकू. नानांच्या पत्नी. चाळीस वर्षं दिवेलागणीला देवापुढे दिवा लावलेली बाई. दिव्याच्या वातीही त्यांच्याच हातच्या. परसात देवकापसाचं झाड होतं. त्याचा कापूस पिंजून मांडीवर अशा वाती वळायच्या की एकीसारखी दुसरी. मग त्यांचा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, पुढे भाजी चिरता येईना. आणि एका संध्याकाळी पेटता दिवा हातातून कलंडला, तेल सांडलं आणि पदराने पेट घेतला. नाना जवळच होते, म्हणून घोंगडीवर निभावलं. पुण्याच्या मुलाने फोनवरून दिवा बंद केला आणि आठवड्यात कुरियरने विजेचा दिवा पाठवला. काकूंनी तो खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नाही.

"बटन दाबून देवाला हाक मारतेत व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून दिवेलागणीला देवघराकडे पाठ करून ओट्यावर बसायला लागल्या. नाना मला म्हणाले होते, "बाई, ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलतच न्हाई. आमच्या घरात सांज व्हायचीच बंद झाली."

म्हणून मेणबत्ती. जी कलंडणार नाही, जिच्यात तेल नाही, आणि जी कापऱ्या हातालाही लावता येईल. बाजारातली उभी मेणबत्ती काकूंच्या हाताने केव्हाच आडवी झाली असती. नानांनी जड बुडाची बसकी स्टीलची वाटी घेतली. हिंगोलीहून मेणाच्या लाद्या आणल्या. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण, अशी चूल परसात मांडली. आणि इथेच घोडं अडलं, कारण वात मात्र काकूंचीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. काकूंचा हात चांगला होता तेव्हाच्या वळलेल्या वातींचा एक पत्र्याचा डबा घरात शिल्लक होता. त्याच वापरायच्या.

आता दिव्याची वात ही आयुष्यभर तेलात लोळलेली असते. मेणात तिला उभं राहावं लागतं, आणि ते तिच्या रक्तात नाही. मेण जरा पातळ झालं की वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर पेंगतं तशी ती मान टाकायची आणि बुडायची. मी म्हटलं, "नाना, बाजारात मेणबत्तीचा तयार दोरा मिळतो. नांदेडहून आणून देते."

"देव त्या दोऱ्याला वळखत न्हाई," नाना म्हणाले. मग आवाज उतरवून, "आणि तिला काय सांगू? देवापुढं मेणबत्ती म्हणल्यावर ती आधीच नाक मुरडून राहिली. वात तरी तुझी हाय, हे सांगाया पाहिजे ना?"

पण प्रत्येक परीक्षेत डब्यातली एक वात जळून जात होती, आणि नव्या वाती होणार नव्हत्या. आधी मेणबत्ती जमते की आधी डबा संपतो, अशी ती शर्यत होती. नाना झाकण उघडून आत बघायचे आणि पुन्हा लावायचे. हसतमुख माणूस, पण तेव्हा चेहरा उतरायचा.

सुटका झाली ती माझ्या केसांमुळे. एका रविवारी न्हाऊन मी भिंतीशी उभी राहून वेणी घालत होते. नाना एकदम ओरडले, "थांबा! तसंच थांबा. काहून ती वेणी ताठ राहती?" मी म्हटलं, तीन पेड एकमेकांना धरून असतात म्हणून. पाच मिनिटांत सत्तरीचे नाना तीन वाती घेऊन ओट्यावर बसले आणि वेणी घालायला लागले. ती इतकी भयंकर होती की पाठ करून बसलेल्या काकू वळल्या.

"अहो, इतकं ओढू नका. वात हाय का बैलाचा कासरा? डावी वर घ्या. आता उजवी. उजवी म्हनले मी!" आणि काकू हसल्या. मी शेजारी आल्यापासून त्या घरात ऐकलेलं ते पहिलं हसू. नानांनी त्याची नोंद केली असेलच.

वेणी घातलेली वात मिठाच्या आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवायची, सावलीत वाळवायची, मग पातळ मेणात बुचकळून दोन्ही टोकांनी ओढून ताठ करायची. तळाला पत्र्याची चकती, म्हणजे ज्योत बुडापर्यंत जाऊन वाटी तापायला नको. तरी भानगडी होत्याच. कधी मेण मधेच वितळून कडेला तसंच राहायचं. त्यावर नोंद: 'विहीर पडली. पाणी लागले नाही. पुढील कार्यवाही: वाटी लहान घेणे.' कधी धूर व्हायचा. त्यासाठी ज्योतीवर पांढरी बशी धरायची, बशी काळी झाली की वात कातरायची. मे महिन्यात मेण लोण्यासारखं मऊ पडलं, तर मेण कडक करायची पांढरी भुकटी शोधून आणली. मी कंटाळले की म्हणायचे, "मेण खोटं बोलत न्हाई, बाई. त्याला काय तकलीफ हाय ते बराबर सांगतं. आपल्याला ऐकाया वेळ पाहिजे."

आणि आषाढातल्या एका संध्याकाळी काकूंनी स्वतःच्या हाताने देवापुढची मेणबत्ती लावली. पहिली काडी विझली. दुसरी वातीला चाटून गेली. तिसरीला वात पेटली. नानांच्या नियमाने मेणबत्ती नापास होती, पण वही मिटलेली होती. काकू म्हणाल्या, "लागली." नाना डोळे पुसत बसले, आणि माझेही डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दिवाळीपर्यंत डबा संपणार, असा नानांचा अंदाज होता. दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी डब्यात वाती होत्याच. नाना काटकसर करत असतील, असं मला वाटलं. पण याच सुमारास एक नवीनच रोग लागला. पाच-सहा मेणबत्त्या व्यवस्थित जळायच्या आणि एखादी मधेच फडफडून विझायची. मेण तेच, वाटी तीच. नानांनी मेण बदलून पाहिलं, मीठ कमी केलं, खिडकी लावली. वहीत पानामागून पान एकच शेरा: 'कारण: अज्ञात.' कारण अज्ञात राहणं हा नानांना स्वतःचा अपमान वाटायचा.

ते कारण एका दुपारी मला सापडलं. नाना बाजारात गेले होते. मी वाटीभर आमटी घेऊन मागच्या दाराने गेले, तर काकू भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर कापूस. थरथरणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरत त्या वात वळत होत्या. वात कुठे जाड, कुठे दोऱ्याइतकी बारीक, मधे गाठ. मला पाहून त्यांनी ती पदराखाली लपवली.

"त्यांना सांगू नका, बाई," त्या म्हणाल्या. "डब्यात गुपचूप टाकून राहिले. दिवसाला दोन व्हतेत. एखाद्या दिवशी एक बी व्हत न्हाई. पन डबा सरला तर त्यांनी काय करावं? येडे झालेत त्या मेणबत्तीपायी."

लाल पेनाची बाई मी. चूक डोळ्यांसमोर होती आणि मला ती दाखवता येत नव्हती. त्याच संध्याकाळी नानांनी विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. काहून विझत असंल?"

"हवा लागत असेल, नाना."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाले. "हवाच असंल."

पुढच्या रविवारी ते डब्यातली एकेक वात डोळे मिटून बोटांनी चाचपत होते आणि दोन ढीग करत होते. मी मनात म्हटलं, झालं, गाठीच्या वाती आता फेकणार. पण दोन्ही ढीग पुन्हा डब्यात गेले, मधे कागदाचा पडदा घालून. त्यानंतर मेणबत्ती मधे विझायची थांबली. मी कारण विचारलं नाही, नानांनीही सांगितलं नाही.

यंदा माघात नाना गेले. दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती आणि पातेल्यातलं मेण गोठून बसलं होतं.

सुतक फिटल्यावर, माणसं पांगल्यावर, काकूंनी मला बोलावलं. करून ठेवलेल्या मेणबत्त्या संपत आल्या होत्या. नानांची रीत वहीत असेल, बघून सांगा म्हणाल्या. मी पानं चाळत त्या हिवाळ्याच्या दिवसांपर्यंत आले. अज्ञात, अज्ञात, अज्ञात. आणि मग, मी हवेचं खोटं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद, त्यांच्या वळणदार अक्षरात:

'कारण: समजले. सदर कारणाची वाच्यता कोठेही करू नये. उपाय: वेणीत दोन जुन्या वाती व एक नवी घेणे. दोन जुन्या एका नवीला सांभाळून नेतात.'

आयुष्यभर प्रत्येक चुकीची नोंद केलेला माणूस. ही एक चूक त्याने ओळखली, पोटात घातली आणि तिच्याभोवती वेणी घातली. आणि मला वाटत होतं की गुपित मी राखलंय. मला पुढचं दिसेना. काकू वाट बघत होत्या.

"काय लिवलंय वो, बाई?"

"हवा लागत होती म्हणून विझायची, असं लिहिलंय," मी म्हटलं.

काकूंनी देवघराकडे पाहिलं. "हवा?" म्हणाल्या. "दार-खिडकी तर तेच लावून घेत व्हते." मग त्यांच्या तोंडावर ते वेणीच्या दिवशीचं हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे वाहायला लागले. "लबाड हायत. डब्यातला कागदाचा पडदा मला दिसत नव्हता व्हय? जाता जाताबी सांगितलं न्हाई."

त्यांनी थरथरती मूठ माझ्यापुढे केली आणि उघडली. आत तीन वाती होत्या. दोन सरळ, एक गाठीची.

"घाला वेणी," त्या म्हणाल्या. "सांज व्हायला आली."

मी वही बाजूला ठेवली आणि डावी वात वर घेतली.